गाडीसाठी गाळलेलं पाणी

२४ डिसेंबर १९८१. सकाळपासून मी सक्करदऱ्याच्या आमच्या घरामागच्या नळावर बसून पाण्याचे कॅन धूत होते. वीस-वीस लिटरचे चार पांढरे कॅन, नवे कोरे, आदल्या दिवशी इतवारीतून आणलेले. नव्या प्लास्टिकला वास येतो, म्हणून खायचा सोडा आणि कढत पाणी घालून मी ते दोनदा खंगाळले, उन्हात पालथे घातले आणि पुन्हा नाक लावून पाहिलं. वास गेला होता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे या वासाचं नाव निघणार आहे.

दुपारी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. उकळायचं, निववायचं, चौघडी फडक्यातून गाळायचं आणि मग भरायचं. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. पिण्याचं पाणी कसं भरावं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, म्हणूनच ते काम माझ्याकडे आलं होतं.

नागपुरातल्या काही मोटारवाल्यांनी मिळून ती सहल ठरवली होती. प्रत्येकाने आपली गाडी आपण चालवायची, पुढे लीडरची जीप, तिच्या मागे ओळीने सगळे. सावनेर, सौंसर, सिलेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया, मग घाट उतरून आणि पुन्हा चढून पचमढी. रात्री तंबू, एकत्र स्वयंपाक. लीडर म्हणजे घाटरस्त्यांची कामं केलेले एक निवृत्त ओव्हरसियर. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे. त्यांच्या घरी बैठक झाली तेव्हा त्यांनी पहिला नियम सांगितला तो पाण्याचा.

"नाल्याचं, झऱ्याचं, विहिरीचं पाणी कोणी तोंडाला लावायचं नाही. मागच्या वर्षी अर्धी सहल झुडपामागे बसली होती."

सगळे हसले. आमच्या फियाटमध्ये माणसं सगळ्यात कमी, डिकी रिकामी, त्यात मी नर्स. सगळ्या मंडळींचं पिण्याचं पाणी आमच्या गाडीतून जाईल असं ठरलं. मलाही ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आम्हाला या सहलीत ओढलं होतं ह्यांच्या कारखान्यातल्या साहेबांनी. साहेब स्वतः बायकोसह येणार होते. "तुमची फियाट आहे ना, मग चला की," असं त्यांनी ह्यांना सांगितलं, आणि जायच्या दोन दिवस आधी ह्यांची रजा रद्द केली. कारण काय, तर साहेब रजेवर असताना शिफ्ट सांभाळायला जबाबदार माणूस हवा. हे घरी येऊन म्हणाले, "आपण नाही म्हणून कळवू."

आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. "काहून नाही? तुले सुट्टी नाही तं तू नको जाऊ. सत्तर वर्सं सपाट जमिनीवर चालून राहिली मी. मले एकदा पहाड पाहू दे."

त्या पारशिवनीजवळच्या खेड्यातल्या. तिथून पेंचकडचे डोंगर लांबून निळे दिसतात. जन्मभर त्यांनी ते तसेच लांबून पाहिले होते.

"तू एकटी गाडी नेशील?" ह्यांनी मला विचारलं.

"रोज दवाखान्यात कोण नेतं?"

"दवाखान्याच्या रस्त्यात घाट नाही."

चिखलदऱ्याचा घाट मी दोनदा चढवला होता. हे दोन्ही वेळा शेजारी डोळे मिटून बसले होते. त्याची मी आठवण दिली. मग जेवताना हळूच म्हणाले, "एक कर. साहेबांशी वाद नको घालू. बढतीचं चाललंय माझ्या."

"मी काहून वाद घालीन?"

"तू घालतेस," ते म्हणाले.

पंचवीस तारखेला उजाडता आम्ही निघालो. पाच गाड्या आणि जीप. लीडरने माझी गाडी आपल्या मागे दुसरी लावली, "लेडीज ड्रायव्हर नजरेसमोर असलेली बरी" म्हणून. इतवारीतले कापडवाले शेठ आपल्या अँबॅसिडरमधून डोकं बाहेर काढून म्हणाले, "बाई, हॉर्न देत चला हो, म्हणजे आम्ही रस्त्याच्या खाली उतरून उभे राहू." मी म्हटलं, "शेठजी, तुम्ही माझ्या मागे आहात. उतरायचं तर मला आहे." लोक हसले. तोवर सगळं ठीक होतं.

सावनेरच्या पुढे पहिला थांबा झाला. मी डिकी उघडली, कॅन काढला, ग्लास मांडले. सगळे प्याले. शेठ प्याले, लीडर प्याले, साहेबांच्या बायकोने तर बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "किती गोड लागतंय हो! तुम्ही काय घालता यात?" साहेब दोन ग्लास प्याले. आम्ही कोण हे साहेबांना पक्कं माहीत होतं. कारखान्यात कोण कुठला हे पहिल्याच आठवड्यात कळतं. त्यांनी ते बायकोला सांगितलं नव्हतं, आणि आमच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

सौंसर मागे पडलं आणि डोंगर समोर आले. घाट सुरू होतो तिथे एका झाडाखाली शेंदूर फासलेली देवी होती. लीडरने शिट्टी मारली. सगळ्यांनी उतरायचं, प्रत्येक गाडीच्या वतीने एक नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, मग घाट चढायचा. त्या रस्त्याचे ट्रकवालेही तसंच करतात. नारळांचं पोतं जीपमध्ये होतंच. एकेक जण पुढे गेला. आमचा नारळ लीडरने सासूबाईंच्या हातात दिला.

सासूबाईंनी तो परत केला. "आम्ही नाही फोडत जी."

"अहो, आजी, घाटाचा मान असतो."

"असन. आम्ही छप्पन सालीच सोडलं हे सारं. आम्ही बौद्ध आहो."

अगदी साध्या आवाजात बोलल्या त्या. आपल्याला चहा चालत नाही असं कोणी सांगावं तसं. शेठ म्हणाले, "माताजी, ब्रेक फेल झाला म्हणजे?"

"ब्रेक देवी लावते का?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मले वाटलं हे लावते."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांच्या बायकोने साहेबांकडे पाहिलं. साहेब झाडाच्या शेंड्याकडे बघत होते. लीडर नारळ पुन्हा पोत्यात टाकून म्हणाले, "चला, चला, उशीर होतोय." आणि मग, जसं काही आत्ताच सुचलं, "बाई, तुम्ही असं करा, शेवटी या. मागे लाल झेंडीची गाडी भरवशाची हवी."

मी शेवटी गेले. सिलेवानीचा घाट फार उंच नाही, पण वळणं नेटकी आहेत. दोन्हीकडे साग, पानं गळायला लागलेली. मधूनच दरी उघडी पडली की खाली आम्ही मागे टाकलेला रस्ता दोरीसारखा दिसे. सासूबाई काच खाली करून, डोक्यावरचा पदर वाऱ्यावर सोडून बसल्या होत्या. "हा तोच पहाड होय का वं, निळा दिसते तो?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच रांगेतला. "जवळून तं हिरवा आहे," त्या म्हणाल्या.

छिंदवाड्याला दुपारचा थांबा झाला. मी कॅन काढला. कोणाला तहान नव्हती. ऊन चांगलं चढलेलं, बरोबर तळलेल्या पुऱ्या आणि तिखट चटणी, आणि तहान कोणालाच नाही. सगळे रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. साहेबांच्या बायकोची सकाळी भरलेली बाटली त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर उभी होती. जाता जाता तिने ती गटारात रिकामी केली. मी पाहते आहे हे तिला दिसत होतं. तेव्हा मला कळलं. सासूबाईंना बहुधा झाडाखालीच कळलं असावं.

ह्यांची बढती डोळ्यांसमोर आणून मी कॅनचं झाकण लावलं.

तामियाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, सपाट जागेवर तंबू पडले. खाली उतरणीला एक नाला होता. म्हशी बसून गेल्यावर असतं तसं गढूळ पाणी. मी चार कॅन चुलीशेजारी आणून ठेवले आणि कांदे चिरायला बसले. साहेबांच्या बायकोने येऊन माझ्या हातातली सुरी काढून घेतली. अगदी गोड बोलत.

"तुम्ही नका हो हात लावू. दिवसभर गाडी चालवलीय तुम्ही. जा, पडा जरा."

"दमले नाही मी."

"नाही, नाही, आराम करा. आम्ही आहोत ना." मग चुलीकडे न बघता, "आणि ते कॅन जरा बाजूला घेता का? पाण्याला प्लास्टिकचा वास मारतोय."

"सकाळी गोड लागत होतं."

"उन्हाने आला असेल वास," ती म्हणाली.

मी मागे सरून उभी राहिले आणि पाहत राहिले. लीडर स्वतः, तोच नियमवाला माणूस, दोन बादल्या घेऊन नाल्यावर गेला. पाणी आणलं, साडीच्या एका पदरातून गाळलं, आणि ते वरणात गेलं, भातात गेलं, प्यायच्या पिंपात गेलं. मी नर्स. मी त्यांना सांगितलं, "हे निदान उकळा तरी." शेठ म्हणाले, "अरे बाई, जंगलातलं पाणी, औषधी असतं." बोलण्याचं काम संपलं म्हणून मी तंबूकडे गेले.

थोड्या वेळाने लीडर आले. हातात पत्र्याची झारी. "बाई, घाटात साहेबांची आणि शेठजींची गाडी तापली होती. रेडिएटर भरायचे आहेत. नाल्याच्या पाण्यात गाळ आहे, रेडिएटर खराब होतो. तुमचं पाणी स्वच्छ आहे, त्यातलं दोन झाऱ्या द्या."

आणि मी दिलं. ओतून दिलं. बढती, साहेब, ह्यांचा चेहरा, सगळं मनात आणून दिलं. ते झारी घेऊन गेले. सासूबाई तंबूच्या तोंडाशी बसून हे सारं पाहत होत्या.

"काहून वं," त्या म्हणाल्या, "गाडी नाही बाटत वाटते."

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. माणसांना नाल्याचं पाणी आणि गाडीला गाळलेलं. माझ्या हातचं उकळलेलं, सोडा घालून धुतलेल्या कॅनमधलं पाणी मोटारीच्या पोटात चालतं, आणि त्या मोटारीत बसणाऱ्यांच्या पोटात चालत नाही. आणि मी ते आपल्या हाताने ओतून देते.

अंधार पडता पडता साहेबांच्या बायकोने दोन ताटं वाढून आमच्या तंबूपाशी पाठवली. वर पत्रावळी झाकलेल्या. एकत्र पंगत चुलीजवळ बसली होती. सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. "मी मागाले नाही आली," म्हणाल्या आणि घरून आणलेली भाकर सोडली. आम्ही भाकर आणि ठेचा खाल्ला. लहानपणी पारशिवनीकडे सासूबाई विहिरीच्या बाहेर घागर घेऊन उभ्या राहत, कोणी वरून ओतेल तेव्हा ओतेल, हे त्यांनी मला एकदा लग्नानंतर सांगितलं होतं. त्या रात्री भाकर चावत म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याची बढती मोठी आहे का वं?"

"मोठी आहे."

"मंग बस."

मी बसले नाही. स्टीलचा ग्लास घेतला, कॅनमधून काठोकाठ भरला आणि दोन्ही ताटं एका हातावर घेऊन शेकोटीकडे गेले. जेवणं संपत आली होती. ताटं मी साहेबांच्या बायकोपुढे ठेवली.

"हे परत. आणि हे पाणी. प्लास्टिकचा वास येतो का ते एकदा सगळ्यांनी पाहून घ्या."

साहेब म्हणाले, "तुम्ही गैरसमज करून घेताय. आम्ही असं काही मानत नाही. माझ्या डिपार्टमेंटमध्ये तुमचे किती लोक आहेत, विचारा मिस्टरांना."

"मग प्या."

"अहो, पण..."

"सकाळी सावनेरला दोन ग्लास प्यालात. तेव्हाही आम्ही हेच होतो, आणि तुम्हाला माहीत होतं."

त्यांच्या बायकोने झर्रकन मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी माझ्यापेक्षा नवऱ्याचा राग जास्त आला असावा. साहेबांनी ग्लास घेतला. हातात धरला. सगळे त्यांच्या हाताकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "थंडीत रात्रीचं गार पाणी माझ्या घशाला सोसत नाही," आणि ग्लास शेठजींकडे सरकवला. शेठजींचं नुकतंच पाणी पिऊन झालं होतं. लीडर म्हणाले, "बाई, वातावरण खराब करू नका. सहलीला आलोय आपण."

"वातावरण नाही, पाणी खराब करताय तुम्ही. उद्या रेडिएटरला पाणी लागलं तर हा ग्लास आधी प्यायचा, मग झारी भरायची."

"ही कुठली अट?"

"तुमची शिट्टी आहे, तशी ही माझी अट."

साहेब उठले. आवाज एकदम ऑफिसातला झाला. "हे तुमच्या मिस्टरांच्या कानावर घालावं लागेल मला."

"मी आधी घालते," मी म्हटलं.

ग्लास मी उचलून आणला नाही. शेकोटीजवळच्या दगडावर ठेवून आले.

बढतीचं इथेच सांगून टाकते. ती त्या वर्षी झाली नाही. ह्यांना मी घरी आल्यावर उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. ते खूप चिडले, आधी माझ्यावर. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आईने नारळ परत केला तेव्हा साहेब काय बोलले?" मी म्हटलं, "झाड बघत होते." त्यावर हे म्हणाले, "ते तसेच बघतात." पुढे हा विषय आमच्या घरात वाद म्हणून कधी निघाला नाही. लोक मला सांगतात, इतकं ताणायची काय गरज होती, सहल होती, एक दिवस निभावून न्यायचा. असं सांगणाऱ्या बाईच्या हातचं पाणी आजवर कोणी गटारात ओतलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. गवतावर दव गोठल्यासारखं पांढरं पडलं होतं. दगडावरचा ग्लास तसाच भरलेला होता. मी आमचा रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, भांड्यात कॅनमधलं पाणी ओतलं आणि चांगलं कढत केलं. एक कॅन संपला, दुसरा उघडला. तंबूच्या आडोशाला सासूबाईंना पाटासारखा एक दगड दिला आणि डोक्यावरून आंघोळ घातली. शिकेकाईही लावली. उकळलेल्या, गाळलेल्या पाण्याने. साऱ्या सहलीचं पिण्याचं पाणी होतं ते. "बहू पाणी वाया घालून राहिली तू," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. "आणखी एक तांब्या टाक, पाठीवर."

मग उरलेल्या गरम पाण्यात चहा केला. तो आम्ही दोघी प्यालो.

लीडर झारी घेऊन आले तेव्हा मी तंबूच्या खुंट्या उपटत होते. त्यांनी दगडावरच्या ग्लासकडे पाहिलं, आंघोळीच्या ओल्या जमिनीकडे पाहिलं. "उतार आहे पुढे," ते म्हणाले. "लाल झेंडी लावून शेवटी या."

मी झेंडी सोडून त्यांच्या हातात दिली. "आम्ही पुढे जातो. रस्ता एकच आहे."

"आणि आमचं पाणी?"

"नाला खाली आहे."

सासूबाई ओले केस मोकळे सोडून पुढच्या सीटवर बसल्या. मी उरलेले दोन भरलेले कॅन डिकीत ठेवले, डिकी बंद केली, तंबू मागच्या सीटवर टाकला. जीप रस्त्याच्या तोंडाशी आडवी उभी होती. हॉर्न दिला. जीप हलली नाही. पुन्हा दिला, आणि या वेळी हात हॉर्नवरच ठेवला, जीप मागे सरेपर्यंत. मग स्टीअरिंगजवळचा दांडा दुसऱ्या गिअरमध्ये ओढला आणि तामियाचा घाट उतरायला लागले.